हललेला फोटो

दिवसभर मी लोकांना एकच सांगतो :
हलू नका.
हनुवटी जरा वर, कान दिसू देत, हलू नका.
घोडपदेवच्या नाक्यावर सहा बाय आठचा स्टुडिओ,
पासपोर्ट, पॅनकार्ड, शाळेचे दाखले.
मयताचा तर जुनाच फोटो मोठा करायचा असतो,
तिथं सांगावंही लागत नाही.

गुरुवारी रात्री आठला
मुलींच्या आंतरशालेय फुटबॉलला
खानविलकर बाईंनी बोलावलं. दीड हजार, चहा वेगळा.

मैदानाला खांब चार.
एकावर दिवाच नाही, नुसतं कावळ्याचं घरटं.
एक पिवळा, आचके देणारा.
उरलेले दोन समोरासमोर,
वाटणीनंतरच्या भावांसारखे,
आपापल्या कोपऱ्यापुरते उजळ.
मधे जो पट्टा राहतो
तिथंच सगळी मॅच होते.

लेन्स उघडायची तेवढी उघडली.
आयएसओ चढवत नेला, सहा हजार, बारा हजार,
पडद्यावर रवा सांडावा तसे दाणे.
शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर आणलं
तर पोरींचे पाय गेले.
म्हणजे पाय होते,
पण ओल्या फडक्यानं कुणी फळा पुसावा तसे.
लागोपाठ तीन फोटो :
एक हिरवट, एक नारिंगी, तिसरा जवळजवळ काळा.
असले दिवे सेकंदाला शंभरदा मंदावतात म्हणे,
डोळा आपल्याला कळू देत नाही.
डोळा म्हणजे घरातलं मोठं माणूस,
बरंच काही स्वतःपाशी ठेवतो.

मध्यंतराच्या आसपास युक्ती सापडली :
धावणारीला सोडायचं, उडी मारणारीला धरायचं.
उडीच्या टोकाला माणूस
ना वर, ना खाली, असं एवढंसं थांबतं.
सबिहा हेडरला उठली, मी तिथं दाबलं.
वेणी हवेत, डोळे मिटलेले,
चेंडू फ्रेमच्या बाहेर.

रात्री दुकानात बसून सहाशे चौदा फोटो पाहिले.
लख्ख एकच.
बाकावरची सतरा नंबर, मनस्वी तांडेल.
गुडघ्यांवर कोपरं, पायाशी बाटल्यांचा क्रेट,
टपरीच्या बल्बचा उजेड एका गालावर,
जर्सीच्या घडीच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात.
साठावा भाग तिला पुरला,
कारण अख्ख्या सामन्यात
ती जागची हलली नव्हती.

बाईंना तोच आवडला.
'किती क्लिअर! वार्षिक अंकात हाच घेऊ.'

शनिवारी पोरगी आली, आईसोबत,
आई भाऊच्या धक्क्यावरून परतताना, रिकामी पाटी काखेत.
फोटो पाहिला. उलटा ठेवला काचेवर.
'काका, माझा हललेला एखादा नाही का?'
मी म्हटलं, अगं, हललेला फोटो वाया जातो.
'पण सगळ्यांचे हललेलेच आहेत ना.'

तीस वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी कुणी बोलावलं नसताना गेलो.
शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा
फुर्ताडो सरांनी तिला उतरवलं,
नेमकी घरट्याच्या खांबाखाली, काळोखात.
चेंडू दोनदा लागला तिला, त्यातला एकदा पाठीला.
हरलोच आम्ही, तीन शून्य.
मी तिसाव्या भागावर दाबत राहिलो,
आमच्या धंद्यात ज्याला मूर्खपणा म्हणतात.

एकात काहीतरी आलं.
डावा बूट मातीत रुतलेला, तेवढा शाबूत,
नाडीची गाठसुद्धा.
त्याच्या वर अख्खी पोरगी
उजवीकडे सांडत गेलेली.

'ही मीच ना?'
सतरातला सात बघ, म्हटलं, इथं.
तिनं फोटो दिव्याखाली धरला, मग लांब धरला,
मग आईला दिला. आईनं पाहिला आणि म्हणाली,
'चेहरा कुठाय?'
ती काही बोलली नाही, हसली फक्त.
वीसची नोट काचेवर ठेवली.
मी घेतली.

पुढचा माणूस स्टुलावर बसला, शर्टाचं वरचं बटण लावून.
हनुवटी वर, म्हणालो. कान दिसू देत.
पुढचं वाक्य जिभेवर होतं,
जरा उशिरानं म्हणालो.