वहिवाट

पत्रकात पाच वाटा हव्यात, कौन्सिलने कळवलं.
प्रत्येकीला चार ओळी: अंतर, वेळ, चिखल किती.
क्लेवन नदीच्या या खोऱ्यात एकतीस वर्षं मी टपाल वाटलं,
तेव्हा लिहिणार दुसरं कोण.

पहिली सोपी. चॅपलच्या मागून निघा,
प्रॉसरांच्या कुरणात शिरलात की फाटक लावून घ्या,
नाहीतर मेंढ्या तुमच्याआधी गावात पोचतील.
ओढ्यावरच्या फळीवर एका वेळी एकानेच.
पुढे हेझलची राई.
सप्टेंबरात येणार असाल तर खिसे रिकामे ठेवा.

दुसरी गिरणीला वळसा घालून जाते.
गिरणी आता नाही. दगडसुद्धा लोकांनी नेले.
वळसा आहे,
जसा विधुर माणूस पलंगाच्या एकाच कडेला झोपतो.

आमच्या वेल्समधल्या कायद्याचं एक बरं आहे.
कुणाच्या शेतातून, कुणाच्या परसाला लागून
वीस वर्षं लोक न विचारता चालले, कुणी अडवलं नाही,
की ती वहिवाट.
पावलं हाच दस्त, त्यावर सही चिखलाची.
म्हणून दर मार्चमध्ये मी मोठी कात्री घेऊन निघते,
काटेरी जाळ्या छाटत
जिथून कुणी जात नाही तिथून मुद्दाम जाते.

तिसरीपाशी पेन अडतं.
नकाशावर ती हिरव्या तुटक रेघेने नदीत शिरते
आणि पलीकडे कोरडीच्या कोरडी बाहेर पडते.
मधला लाकडी पूल फेब्रुवारीच्या पुराने नेला.
आठ वर्षं झाली.

रविवारी चॅपल सुटलं की इड्वल बेवन
घराकडे न वळता खाली उतरतो.
कोटाच्या खिशात बिस्किटं. कुत्र्यासाठी, म्हणतो.
कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली.
पलीकडच्या काठावर ओल्वेन, त्याची बहीण.
रस्त्याने चौदा मैल पडतात,
आणि दोघांचीही गाडी डॉक्टरने बंद केलीय.
मधे चाळीस फूट पाणी.
ओरडून बोलतात, त्यामुळे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे
तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्याचे सडलेले बटाटे,
आणि आईचं शिवणयंत्र कुणी नेलं
हे भांडण, एकोणीसशे एक्क्याऐंशी सालचं,
अजून ओलं.
पाणी चढलं की मात्र नदीच बोलते,
दोघांनाही बोलू देत नाही.
मग ती छत्री वर करते. हा काठी.
जरा वेळ तसेच.

'बंद' एवढंच लिहा, म्हणाली कौन्सिलची मुलगी.
भली आहे, नवीन आहे.
तिला खाली नेऊन दाखवायला हवं होतं ते गवत,
अलीकडे अन् पलीकडे,
थेट पाण्याला टेकेपर्यंत मळलेलं.
पण तिला चारची बस गाठायची होती.

रात्री भांडी आवरून लिहिलं:

तिसरी वाट. चॅपलपासून नऊशे पावलं, सगळा उतार.
बूट उंच घाला. नदीपाशी संपते.
आल्या वाटेने परत.
रविवारी गेलात तर मागे, अल्डरच्या झाडापाशीच थांबा.
बोलणं चालू असतं.

चौथी अजून लिहायची आहे.
तिच्यावर बैल आहे.
गरीब आहे, असं त्याचा मालक म्हणतो.
मालक कुंपणाच्या बाहेरून म्हणतो.