हादरा

वडगावात, मागाच्या खोलीला लागून
बुटाच्या खोक्यात माझं घर होतं.
पडदे डागी लुगड्याच्या काठाचे,
पलंग काड्यापेटीचा,
आरसा म्हणून
आईची जुनी टिकली.

माग सुरू झाला की
अख्खं घर थरथरायचं.
बाहुली तोंडावर.
शेजारची गंगव्वा म्हणायची, "एळु, एळु,"
मी म्हणायचे, "ऊठ गं."
ती दोघींचंही ऐकायची नाही.

मग वीज जायची.
अप्पा कंदील घेऊन यायचे,
वाकून खोक्यात बघायचे,
सूत चिकटलेल्या एका बोटानं
पलंग भिंतीकडे सरकवायचे.
"हितं हादरा कमी बसतोय."
एवढंच.

माग भंगारात गेले, किलोवर.
अनगोळच्या फ्लॅटात आता
काहीच हलत नाही,
तरी झोपताना मी
पलंग भिंतीकडे ओढते.