चिंचेचा कोळ

शनिवारी आई चिंच भिजत घालायची.
आधी वेदीवरचा क्रूस,
मग अर्पणाची थाळी,
आणि उरल्या कोळात बाबांच्या टोपीवरचा बिल्ला :
पाच टोकांची चांदणी, मधोमध उघडा पंजा.

मी विचारायचे, हा हात काय म्हणतोय?
बाबा म्हणत, 'भिऊ नको.'
पण मिरजेच्या स्टेशन चौकात
मी त्यांना पाहिलेलं,
तोच हात, तसाच वर,
आणि उसाचे ट्रॅक्टर करकचून थांबलेले.

त्या रात्री कोठडीत कुपवाडचा बज्या होता,
कारखान्यातली तांब्याची तार चोरलेला.
मिसरूडही न फुटलेला.
बाबा उशिरा आले. जेवले नाहीत.
मोरीत उजवा हात धूत राहिले,
बादली भरून वाहायला लागली तरी.
आईनं काही विचारलं नाही.
चिंचेची वाटी तेवढी पुढे सरकवली.
'या पंजाला खिळ्याची खूण नाही हो,'
एवढंच म्हणाली.

सकाळी ते चर्चला आले नाहीत.
रात्रीचं न जेवलेलं ताट डब्यात भरून
ठाण्यावर गेले.
पोरानं खाल्लं की नाही,
कधी सांगितलं नाही.

आता बिल्ला माझ्या खणात असतो,
'शमुवेल आवळे' लिहिलेल्या पट्टीशेजारी.
घासून घासून बोटं एकमेकांत मिसळलीत.
'सद्रक्षणाय' अर्धंमुर्धं वाचता येतं,
पुढचं चाचपावं लागतं.

मी चिंच लावत नाही.
पडू दे थोडा हिरवा.