थर्मासमधलं पाणी

सहा आठवडे झाले, तिला सगळे नुसतं मुलगी म्हणतात.
मुलगी झोपली. मुलीला शिंक आली.
पाणी पडेपर्यंत नाव सांगायचं नाही, ही आमची रीत.
आईबापांच्या गालात ते
दडवलेल्या खडीसाखरेसारखं विरघळत असतं
आणि आम्ही त्यांच्या ओठांकडे बघत बसतो.

खिंड आज सकाळी दहाला उघडली.
बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग
रेक्याविकहून अकरा मोटारी आल्या.
हाल्बेराआत्या, वय नव्वद, मांडीवर
कोळंबी घातलेला पावाचा केक,
प्रत्येक वळणावर ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार.
ओस्लोचा चुलतभाऊ, त्याची नवी, अबोल बायको.
नातवंडं मोजली नाहीत. एकाच्या पायात एकच बूट होता.

झगा माझ्याकडे असतो.
आजीनं शिवलेला, बाळाच्या तिप्पट लांब,
घेरावर निळ्या दोऱ्यानं नावं आणि सालं.
स्टेनवोर, बावन्न. ती मी.
शेजारी एयविंदुर, चोपन्न.
नवं नाव भरायचं काम माझं.
सुई पर्समध्ये, दोरा ओवलेला,
अक्षरं किती, ते ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला बोलले नव्हते.
फेब्रुवारीत एयविंदुर स्वप्नात आला.
नारिंगी रबरी कपडे, नाकाच्या शेंड्याला थेंब,
दारात उभा. समुद्रात गेला तेव्हाचा, एकोणतीसचाच.
म्हणाला, आहे का काही तुझ्याकडे?
गेलेलं माणूस स्वप्नात येतं ते नाव मागायला,
हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.
पण मुलगी! तिला त्याचं नाव द्यायचं कसं,
शेपूट जोडून?
मी स्वानलोइगसाठी फोन उचलला, ठेवला.
उचलला, ठेवला.

चर्च तीस माणसांचं, आम्ही सेहेचाळीस.
हीटर बंद. पाद्रीणबाईंच्या झग्यावर मफलर.
पाणी माझ्या धाकट्या भावानं, ह्योरलेवुरनं आणलेलं,
शेतामागच्या गरम झऱ्याचं, थर्मासमधून.
त्यानं झाकण फिरवलं, वाफ निघाली
आणि शेवटच्या बाकापर्यंत
कॉफीचा वास.
"धुतला होता," आजोबा म्हणाले. "दोनदा."

बाळाचं नाव काय?

"म्योल."

म्योल म्हणजे नुकताच पडलेला, भुरभुरीत बर्फ.
आमच्यात म्योल कुणी नाही,
ना माहेरी, ना आजोळी, ना कबरस्तानात.
हाल्बेराआत्या कुजबुजली, म्हणजे अख्ख्या चर्चला ऐकू गेलं:
"कुणाचं नाव गं हे?"
स्वानलोइग म्हणाली, "हिचंच."

माझ्या पोटात काहीतरी खालीवर झालं,
राग होता की सुटका, अजून कळलेलं नाही.
ओंजळभर पाणी, तीनदा.
पोरगी रडली नाही.
नाकावरून ओघळलेला थेंब तिनं जिभेनं टिपला
आणि असं तोंड केलं,
पहिल्यांदा कडू कॉफी प्यायल्यावर करतात तसं.
तेव्हा लख्ख आठवलं, त्याच्या हातात कप होता.
स्वप्नात. इनॅमलचा, कान तुटलेला.
रिकामा.
आणि मी बसले होते नाव नाव करत.

हॉलमध्ये केक संपला.
पोरं तिच्या नावानं एव्हाना हाका मारत होती,
म्योल, म्योल, जणू ती उठून पळणारच होती.
मी खिडकीशी बसून भरलं:
आमच्या लिपीत पाच अक्षरं,
एकावर दोन टिंबं.
शेजारी कुणीतरी कॉफी ठेवून गेलं होतं.
ती गार होत होती. कुणाची, मी विचारलं नाही.
दोरा दातानं तोडला, वर पाहिलं.
बाहेर, दारापासून मोटारींपर्यंत,
आम्ही सेहेचाळीस जणांनी
सगळा बर्फ तुडवून ठेवला होता.