शक्यतो

लानेल्लीच्या आमच्या शाळेत
फोटोकॉपीच्या मशीनशेजारी एक खोली आहे.
तिथे सात खुर्च्या: सहा मोठ्यांच्या, एक मॅक्सेनची.
त्याची पहिली दहा मिनिटं रिकामीच असते,
कारण टॅक्सी कारमार्थनहून निघते
आणि नदीवर धुकं असतं.

धोरण माझ्यासमोर आहे, छापील, पान नऊ:
‘मुलाचं घर बदललं तरी
शक्यतो शाळा बदलू नये.’
शक्यतोभोवती मी पेन्सिलीनं गोल काढलाय.
कुणी लिहिला असेल हा शब्द?
कार्डिफमधल्या एखाद्या भल्या माणसानं,
संध्याकाळी, कोट चढवता चढवता,
वाक्य जरा सैल बसावं म्हणून.
त्याच सैल जागेतून मॅक्सेन
तीनदा बाहेर पडला.

अकरा वर्षांचा आहे.
ज्वालामुखी त्याला तीन गावांत तीनदा शिकवला,
तीनदा कागदाच्या लगद्याचा डोंगर,
तीनदा सोडा आणि व्हिनेगर.
लाव्हा किती तापतो ते झोपेतही सांगेल.
अपूर्णांक मात्र कुठेच भेटले नाहीत.
पहिल्या शाळेत ते ‘पुढच्या सत्रात’ होते,
दुसरीत ‘अहो, मागच्याच महिन्यात झाले’,
तिसरीत तो होताच बारा दिवस,
त्यात एक गोवराच्या लशीचा.
गणित कच्चं, असं फाइल म्हणते.
फाइलमध्ये त्याचं नावही दोन तऱ्हांनी लिहिलंय.

ग्लेनिस प्रॉसर, सध्या तो ज्यांच्याकडे राहतो त्या,
त्याचे खेळाचे बूट मांडीवर घेऊन बसल्यात.
म्हणतात, आला त्या दिवशी त्यानं एकच विचारलं,
कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते?
मागच्या घरातून त्याचं सामान
काळ्या पिशव्यांतून निघालं होतं.
एक पिशवी फाटकाबाहेर राहिली.
तीत वह्या होत्या.
हे ऐकून समाजसेविका, या वर्षातली तिसरी,
काहीतरी लिहिते आणि खोडते.

फॉर्मवर एक चौकट आहे: ‘मुलाचं मत’. तीन ओळी.
मॅक्सेननं एकच वापरली:
टॅक्सीत पुढे बसायचंय.

त्यावर सहा मोठी माणसं, विमा, एक उंचीचा दाखला,
चौदा ईमेल, पाच आठवडे.

दरम्यान मला मंजूर झालेल्या चाळीस तासांतला
सातवा तास. आम्ही दोघं, एक वही.
अंश वर, छेद खाली.
तो विचारतो, खालचे आकडे वेगळे असले
तर बेरीज होतच नाही?
होते, मी म्हणते. आधी त्यांना सारखं करायचं.
आणि नाहीच झाले सारखे, तर?
शक्यतो होतात,
मी बोलून गेले.
माझ्याच तोंडून. खडूइतका सहज.
तो मान वर करून पाहतो,
ज्याला हा शब्द माझ्यापेक्षा चांगला येतो
तसं पाहतो.
नाही, मी म्हणते. थांब.
होतात. कोणतेही दोन घे. नेहमी होतात.
तो सात आणि तेरा घेतो, मुद्दाम,
मला पाडायला.
एक्क्याण्णव सापडेपर्यंत साडेचार वाजतात,
आणि बाहेर हेडन दोनदा हॉर्न वाजवून
मग वाजवत नाही.

परवानगी आली, गुरुवारी.
हेडननं पुढच्या सीटवरचा जेवणाचा डबा मागे टाकला.
तो सांगतो, पोरगं बोलत काही नाही,
फक्त रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचतं:
दोन तृतीयांश मैल.
पाऊण मैल.
मागच्या सीटवरून त्या
हेडनच्या टोपीआड जायच्या.

पुढची बैठक अकरा मार्चला.
ग्लेनिसबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय.
सात खुर्च्या मी मांडून ठेवल्यात.
पान नऊवरचा गोल
अजून खोडलेला नाही.