ऑर्विन ट्वेटचे लाकडी मासे

त्याच्या गॅरेजात गाडी कधीच नव्हती.
होतं एक खाचा पडलेलं टेबल, रॉकेलची शेगडी,
आणि छताला तारेने टांगलेले दोनेकशे मासे.
दार उघडलं की सगळे एकदम
वाऱ्याकडे तोंड फिरवायचे.

मी तेव्हा औषधांच्या दुकानात होते, गल्ल्यावर.
तो आला नेलपॉलिश घ्यायला:
नारिंगी रबरी पँट, टोपीत खोचलेले अकरा गळ,
एका कानात मोत्याचा डूल.
बायकोचा, म्हणाला. दुसरा ती घेऊन गेली.
कुठे, हे विचारायला मला तीन वर्षं लागली.

“हा लाल नको. हा लग्नातला लाल.
मला बेडकाच्या घशातला हवाय.”
मी बेडकाचा घसा पाहिला नव्हता.
त्या रविवारी त्याने दाखवला.

असं सुरू झालं.

लुथरन चर्चने मोडीत काढलेला सिडारचा बाक
त्याने हातगाडीवर घालून आणला,
एकोणीस मासे निघाले त्यातून.
प्रवचनात झोपलेलं लाकूड
पाण्यात चांगलं जागतं, म्हणायचा.
डोळे मात्र सगळ्यात शेवटी.
आधी बसवले तर मासा आपल्याकडे बघत राहतो,
मग तासवत नाही.

नावं ठेवायचा ज्यांचे पैसे थकलेत त्यांची.
मिसेस लिंडक्विस्ट, जाळीदार शेपटी, चाळीस डॉलर.
बँकेतला हॉलिस, जाडा, तोंडाशी चपटा,
रक्कम सांगायचा नाही.
विस्कॉन्सिनच्या या टोकाला
मस्की हजार वेळा गळ टाकल्यावर एकदा येते,
उरलेल्या नऊशे नव्याण्णव वेळा
माणसाने काय करायचं?
तो थापा मारायचा.
एका मस्कीने त्याची कवळी गिळली होती,
पुढल्या जूनमध्ये तीच वर आली
आणि त्याच्याकडे बघून हसली.
लोणकढी, तूप ओघळत असलेली थाप.
आम्ही बोटीत एवढे हललो की
कॉफी तळ्यात गेली.

बायकोचं त्याने नोव्हेंबरात सांगितलं,
कडेला बर्फाची साय धरत होती तेव्हा.
ड्युलुथचं हॉस्पिटल. चौथा मजला.
नर्सने पाकिटात घालून एकच डूल दिला,
दुसरा शोधतो म्हणाली.
एवढी एक गोष्ट त्याने वाढवून सांगितली नाही.

मग हात थरथरायला लागले.
त्या हिवाळ्यात त्याने एकच मासा केला:
पाठ हिरवी, पोट पिवळं, एक डोळा आभाळाकडे.
“डोरीन,” म्हणाला. “चौदा डॉलर.”
माझेच. नेलपॉलिशचे.
पाण्यात ती डावीकडे झुकून चालायची,
चपलेत खडा गेलेल्या बाईसारखी.

जुलैत मी ती बुडालेल्या पॉप्लरच्या ओंडक्यात घालवली.
तिसऱ्याच फेकीला. दोरी कापावी लागली.

वृद्धाश्रमात त्याच्या खाटेवर बसून
मी खोटं बोलले.
मस्की होती, म्हटलं. दांडगी. दोरी तोडून गेली.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता.
“केवढी?”
“चार फूट.”
“गोल आकड्यावर कोण विश्वास ठेवतं?
सत्तेचाळीस इंच सांग.
आणि आधी पाणी सांग, कसलं होतं. मासा मागून.
कल्ल्याजवळ जुनी जखम असू दे.”

मी पुन्हा सांगितलं. पाणी चहासारखं होतं, म्हटलं.
“कोरा चहा?”
कोरा.
तिसऱ्या वेळी खरंच काहीतरी
ओंडक्याखालून वळलं,
माझ्या मनगटाला हिसका बसला.

नर्स गोळ्या घेऊन आली तर तो तिला सांगायला लागला:
सत्तेचाळीस इंच, बाई. जखम इथे.
मी स्वतः पाहिली.

“आणि माझे चौदा डॉलर?” मी विचारलं.

“ती घेऊन गेली,” म्हणाला,
आणि कानाला हात लावला.