समज देऊन सोडावे

रबाळ्याच्या नाक्यावर मी माणसं पकडायचो.
गाड्या पळून जातात,
त्यांचे नंबर मागाहून मशिनीत सापडतात.
माणूस मात्र चालत येतो, हातात डबा,
दुभाजकाच्या तुटक्या गजांतून तिरका निघतो
आणि थेट माझ्यासमोर उभा राहतो.
महिनाअखेरीला आकडा कमी पडला
की साहेब म्हणायचे, खरमाटे, पायवाले बघा.

पादचारी पूल आहे. बासष्ट पायऱ्या.
लिफ्टला साखळी, साखळीला गंज,
गंजात अडकलेला उद्घाटनाच्या हाराचा दोरा.

नामीबाई मढवी, डोक्यावर निवट्यांची पाटी.
पावती फाडताना विचारलं, पत्ता?
"लिव, या रस्त्याखाली."
बाई, चेष्टा नको.
"चेष्टा कसली? आमचा मिठागर व्हता हितं.
तू उबा हाय ना, तितं बांद.
मी बांदावरशीच जातंय.
रस्ता मधी आला, मी नाय."
पत्त्याच्या रकान्यात मी गोठिवली लिहिलं.
दोनशे रुपये. तिने दहा-दहाच्या नोटा मोजल्या,
खाडीच्या चिखलासकट.
मी त्या तशाच सरकारात भरल्या.

गेल्या सोमवारी परिपत्रक आलं:
पायी चालणाऱ्यांकडून दंड घेऊ नये,
समज देऊन सोडावे.
पावतीपुस्तक जमा झालं,
सतरा पानं कोरी होती.

आता मी नुसता उभा असतो
आणि द्यायला समज कुठून आणावी, कळत नाही.
एमआयडीसीतली पोरं पहिल्या पाळीला येतात,
खाकी दिसली की अजून दचकतात,
गर्रकन मागे फिरतात, डंपरच्या तोंडाशी.
म्हणजे इतकी वर्षं ती
गाडीला नाही, मला चुकवत होती.
हे मी घरी सांगितलं नाही.

काल ती आली. दुभाजकाशी थांबली,
माझ्याकडे बघत कनवटीला हात घातला.
मी मान हलवली. मधल्या लेनमध्ये गेलो,
हात आडवा केला.
टँकर थांबला, त्यामागे बस,
त्यामागे एक पांढरी गाडी, नुसती बोंबलत.
तिला घाई नव्हती.
अर्ध्यावर चप्पल झटकली, अंगठा नीट बसवला,
पाटी सावरली,
आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली,
"जरा डाव्या अंगाला सरक.
बांद तिकरं व्हता."

सरकलो.